मास्तरांचं हवामान

मास्तर समुद्राला घाबरायचे. एवढी साधी गोष्ट, पण अख्ख्या गावात कुणाला ठाऊक नव्हती. असणार तरी कशी? निम्म्या गावाला पोहायला शिकवलं ते मास्तरांनीच. किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत पोहण्याचा टँक आहे. केस काळे होते तेव्हापासून मास्तर तिथेच. गळ्यात शिट्टी, अंगाला क्लोरिनचा वास, आणि आवाज असा, की पलीकडच्या गल्लीत झोपलेला माणूससुद्धा दचकून पाय मारायला लागावा.

टँकमध्ये हा माणूस राजा. समुद्र म्हटला की मात्र पाऊल मागे. कारण विचाराल तर एवढंच, की टँकचा तळ दिसतो. निळ्या फरश्या, त्यांवरून सरळ गेलेली काळी पट्टी, कुणाची तरी पडलेली केसांची पिन, सगळं कसं जागच्या जागी. समुद्रात खाली बघावं तर नुसता हिरवट काळोख. त्यात काय आहे आणि किती आहे, कोण सांगणार?

पण एवढ्या नावाजलेल्या मास्तरांनी हे बोलून दाखवायचं कसं? गाव हसलं असतं. मग त्यांनी शक्कल काढली. कुणी समुद्रावर चला म्हटलं, की डोळे किलकिले करून आभाळाकडे बघायचं, बोट ओलं करून वर धरायचं आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचं, की वारा फिरतोय, तासाभरात हवा बिघडणार. आता इथली उन्हाळ्यातली हवा मुळातच लहरी. सकाळी लख्ख ऊन, दुपारी ढग, मग एक सर, की परत ऊन. त्यामुळे मास्तर दोनदा चुकले तरी तिसऱ्यांदा खरे ठरायचेच. आणि माणसं कशी असतात बघा, चुकलेलं विसरतात आणि जमलेलं गावभर सांगतात. होडीवाला मास्तरांना विचारून होडी काढायला लागला. धोबीण त्यांना विचारून चादरी वाळत घालायला लागली. थापा मारता मारता आपला माणूस वेधशाळा होऊन बसला.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाईंनाही पोहायला मास्तरांनीच शिकवलेलं, लग्नाआधी, त्याच टँकमध्ये. पण पुढे त्या समुद्राकडे वळल्या त्या वळल्याच. रोज सकाळी निघताना दारातून विचारायच्या, येताय का? मास्तर खिडकीतून ओलं बोट बाहेर काढायचे. बाई बरं म्हणून एकट्याच जायच्या. त्यांना काय वाटायचं, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर विषय निघाला असता, आणि विषय निघू नये यातच तर त्यांचा सगळा संसार चालला होता.

उन्हाळा संपताना टँकवरचे शिकाऊ समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून येत. आधी एकाने जाऊन पाणी बघून यायचं, मग शिकाऊंना सोडायचं, अशी पद्धत. हे काम मास्तरांच्या मदतनीसाचं. मास्तर वाळूवरून शिट्ट्या मारायचे. यंदा मदतनीस टँकच्या काठावर घसरून पाय मोडून बसला. जन्मभर पोरांना धावू नका म्हणून ओरडला आणि शेवटी स्वतःच धावला. मास्तरांनी लगेच मनातल्या मनात एक वादळ तयार ठेवलं.

ठरल्या सकाळी दारात ही गर्दी. होडीवाला, शिकाऊ, त्यांचे आईबाप, सगळे विचारतायत, मास्तर, हवा कशी? मास्तरांनी बोट ओलं केलं, चेहरा लांब केला, आता तोंड उघडणार, एवढ्यात आतून बाई आल्या.

"यांनी पहाटेच बघितलंय," त्या म्हणाल्या. "म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत पानसुद्धा हलणार नाही. म्हणून तर स्वतः पोहून येणार आहेत."

टाळ्याच पडल्या. मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. नाही म्हणावं तर स्वतःचंच भाकीत खोटं, हो म्हणावं तर समुद्र. इकडे आड, तिकडे विहीर. विहीर तरी परवडली असती, तिला निदान भिंती असतात.

निघाले बिचारे. बाई बरोबर होत्याच. खाली पट्टी नाही म्हटल्यावर मास्तर जे तिरके निघाले ते होडीच्या धक्क्याकडेच; बाईंनी वळवून आणलं. त्यात टँकची सवय. थोडं अंतर झालं की हात आपोआप भिंतीला लागायला पुढे जायचा, भिंत काही यायची नाही आणि मास्तर खारं पाणी पिऊन बसायचे. किनाऱ्यावर मात्र वाहवा चाललेली, की बघा, थांबून थांबून पाण्याचा कसा अंदाज घेतायत. तिसऱ्यांदा हाताला काहीतरी लागलं. बाईंचा खांदा होता.

"अगं," मास्तर म्हणाले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून खरं बोलून गेले. "मला भीती वाटते समुद्राची. पहिल्यापासून."

"माहितीये."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. समुद्रावर जायचं ठरलं की नेमकी तुम्हालाच सर्दी व्हायची."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या. "अख्ख्या गावाला थापा मारा, माझं काही म्हणणं नाही. पण मलाही?"

मास्तरांना इतकी लाज वाटली, की घटकाभर भीती वाटायची राहूनच गेली. तेवढ्यात पिंपाला वळसा झाला.

परत आले तेव्हा होडीवाल्याने विचारलं, काय मास्तर, सोडायचं का पोरांना?

"मला काय विचारतोस?" मास्तर धापा टाकत म्हणाले. "आत माझी घाबरगुंडी उडाली होती. मला समुद्रातलं काही कळत नाही, आभाळातलंही नाही. हिला विचार."

सगळे पोट धरून हसले. मास्तर म्हणजे काय, मोठी विनोदी वल्ली, असं होडीवाला नंतर कितीतरी दिवस सांगत होता.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कडक आवाजात शिकाऊंना ओळीत उभं केलं, आणि ओळीत सगळ्यात शेवटी मास्तरांना.