पिवळा ठिपका

आळेफाट्याच्या त्या मिस्त्रीला काही विचारलं, की तो उत्तर गाडीला देतो. माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग साठच्या पुढे थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक पडेना. मी हे सांगत होतो, तेव्हा तो टायरशीच पुटपुटत होता, "व्हय, व्हय, बघू."

त्यानं पुढचं चाक जॅकवर उचलून फिरवलं आणि रिमपाशी खडू धरला. खडू एकाच जागी घासला.

"हितं पिवळा ठिपका व्हता. कुठं गेला?"

वडील गेल्यावर मीच गाडी घासूनपुसून लखलखीत केली होती. टायर नवा दिसला म्हणून डिकीतली स्टेपनी पुढे बसवली होती.

"तुमच्या वडलांनी लावला व्हता. रिम वाकडी हाय, पुढं बसवायची न्हाई म्हनून."

त्यानं ते चाक काढून डिकीत ठेवलं, डिकीतलं पुढे बसवलं, रिमवर पुन्हा पिवळा ठिपका दिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"आता पुसू नका, राव."

तो रागावला होता का, मला कळलंच नाही. गाडी आता सरळ पळते. पण गिअरच्या दांड्याला एक दोरा बांधलेला आहे आणि काचेच्या कोपऱ्यात घासूनही न गेलेली एक रेघ आहे; त्याही वडिलांच्याच खुणा असतील. फडकं हातात घेऊन मी नुसताच बसून राहतो.