हळदीच्या मांडवात चाफ्याचं अत्तर

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांच्या गोष्टींवर मान डोलावणारी बाई मी नाही. बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. रिपोर्ट दाखवा, मग बोला... असा माझा खाक्या. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आता तुम्ही मला हसा, माझी ना नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे मला वास येत नाही. चार वर्षांपूर्वी एका तापात गेला तो गेलाच. फोडणी, फिनेल, मोगरा – माझ्या नाकाला सगळं सारखं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि "आता फार आशा ठेवू नका" म्हणाले. दूध करपलं तर शेजारीण खिडकीतून ओरडून सांगते, तेव्हा मी गॅसकडे धावते. हे लक्षात असू द्या.

आता कमलमावशी. माझ्या आईची धाकटी बहीण, नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला. मूलबाळ नाही, संत्र्याची बाग मात्र होती. दिरांनी बाग मागितली, तिनं दिली नाही. व्यापारी सौद्याला यायचे त्या दिवशी ती चाफ्याच्या अत्तराचा फाया पुरुषांसारखा कानात खोचायची आणि मगच ओसरीवर यायची. गोड, जरा जड आणि ऊबदार वास होता तो, उन्हातून काढून आणलेल्या गोधडीसारखा. मावशी स्वतःही तशीच होती. जवळ घेतलं की ऊब, आणि सहज बाजूला सारता येणार नाही अशी.

विधवेनं अत्तर लावायचं म्हणजे गावाला विषयच मिळाला. मी शाळेत होते, एकदा तिला विचारलं, "मावशी, बाया तुले नावं ठेवतात वं."

"ठेवू दे ना," ती म्हणाली. "माहा नवरा मेला, नाक थोडीच मेलं! अन् आयक... माह्या आधी माहा वास पोचला पाहिजे. लोकं सावरून बसतेत."

आणि खरंच बसायचे. बिड्या विझायच्या, पसरलेले पाय आत घेतले जायचे, आणि मग मावशी दारातून बाहेर यायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मावशीला जाऊन सहा वर्षं झाली. माझे मिस्टर मागच्या वर्षी गेले, हार्ट अटॅकनं. आणि या एप्रिलमध्ये आमच्या पूर्वाचं, एकुलत्या एका लेकीचं लग्न निघालं.

हळद घरीच होती, जरीपटका वस्तीतल्या आमच्या अंगणात, सकाळी दहाला. हिरवं कापड बांधून मांडव घातलेला, कोपऱ्यात कूलर. हळद मी स्वतः भिजवली होती, आंब्याची पानं मीच धुऊन ठेवली होती. वाटी घेऊन पाटाकडे निघाले तर मोठ्या जाऊबाई, शोभाताई, आडव्या आल्या. त्यांनी वाटी माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

"तू बैस वं सुनंदा तिकडं, कूलरपाशी. पाच सवाष्णी लावतीन. पोरीच्या चांगल्या कामात कोनी बोट दाखवाले नको. समजून घे माय."

वाईट बाई नाहीत हो त्या. मिस्टर गेल्यावर महिनाभर डबा त्यांनीच पुरवला. म्हणूनच जास्त लागलं.

आणि मी बसले. हो, मी! लॅबमध्ये जिच्यासमोर भलेभले गप्प होतात ती मी, प्लास्टिकच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून गुपचूप बसले. पूर्वा पाटावरून म्हणाली, "आई, तू काहून तिकडं बसली? ये ना." मी मानेनंच नाही म्हटलं. तिचे डोळे भरून आले. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

...आणि वास आला.

फाटकाच्या बाजूनं आला. चार वर्षांतला पहिला वास. चाफा! गोड, जड, ऊबदार. आधी वाटलं आपल्याला काहीतरी होतंय. मी नाडीसुद्धा मोजली. पण वास जवळ जवळ येत राहिला आणि माझ्या खुर्चीच्या मागे येऊन थांबला. मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

मी उठले. सरळ पाटाशी गेले. शोभाताई नाक वर करून म्हणाल्या, "अत्तर कोनं लावलं वं? चाफ्याचं हाय काय?" आणि एक पाऊल मागे सरल्या. मी त्यांच्या हातातून वाटी घेतली.

"ही माझी पोर आहे. पहिली हळद मीच लावीन," मी म्हटलं. "ज्याले बोट दाखवायचं त्यानं माझ्याकडे दाखवावं."

दोन्ही हातांनी लेकीच्या गालांना हळद लावली, पोटभर लावली. गंमत बघा, ओंजळभर हळद नाकाशी होती पण हळदीचा वास नाही आला. फक्त चाफा येत होता. पूर्वाच्या कपाळाला हात लावला आणि तोही गेला.

नंतर मी माझ्या पद्धतीनं चौकशी केली. मांडवातल्या एकूणएक बाईला विचारलं, चाफ्याचं अत्तर कोणी लावलं नव्हतं. फुलं सगळी झेंडूची. गल्लीत चाफ्याचं झाड नाही. कूलरला वाळ्याची खस होती, पण खस आणि चाफा यातला फरक शोभाताईंना कळतो. डॉक्टर म्हणाले, "मेंदू कधी कधी नसलेले वास तयार करतो." बरं, मग माझ्या मेंदूनं तयार केलेला वास जाऊबाईंच्या नाकात कसा गेला? डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

पूर्वाच्या मैत्रिणीनं व्हिडिओ काढला होता, तो मी कितीदा तरी पाहिला. मी खुर्चीवर बसलेय. अजून उठलेली नाही. आणि मांडवातल्या बायका एकेक करून फाटकाकडे बघतात, कोणी पदर सारखा करते, कोणी पसरलेले पाय आत घेते. फाटकात कोणीही नाही.

मला याचं कारण आजही सांगता येत नाही. वास परत आलेला नाही, कालच दूध पुन्हा करपलं.

पण लग्न आटोपल्यावर मी इतवारीच्या बाजारात गेले आणि चाफ्याच्या अत्तराची एक कुपी घेतली. दुकानदार मनगटाला लावून म्हणाला, "सूंघ के तो देखो, मॅडम." मी म्हटलं, "मेरे को नहीं आती. दे दो."

रोज फाया कानात घालून लॅबला जाते. मला वास काही येत नाही. पण परवा शोभाताईंच्या सुनेच्या ओटीभरणाला गेले होते. मी अजून जिन्यातच होते, तर वरून त्यांचा आवाज आला, "सरका वं जरा, सुनंदा आली. पहिली ओटी तिलेच भरू द्या."