मंद्रूपच्या विहिरीचं पाणी

तात्याबांनी मंद्रूपला चाळीस वर्षं मेंढरं राखली. कावीळ झाली, तेव्हा मुलाने त्यांना सोलापुरात आमच्या शेजारी आणलं. डॉक्टरांनी फिल्टरचंच पाणी द्या, असं बजावलं होतं.

"त्या डब्यातलं पाणी मेलेलं हाय. मी गावच्या विहिरीचंच पिणार," तात्याबा म्हणाले.

मग सून गोजाबाई फिल्टरचं पाणी चोरून माठात ओतू लागली आणि मंद्रूपहून आलंय म्हणून सांगू लागली. तात्याबा घोट घेऊन मला म्हणायचे, "बीए झालास की लेका, आसलं पाणी पुस्तकात गावतंय व्हय?" गोजाबाई पदराआड हसायची.

महिन्याने, ऐन उन्हाळ्यात, त्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गोजाबाई बाजारात गेली होती. तात्याबा फिल्टर उघडून बसले होते. आतली पांढरी कँडल ते ठेचून मऊ केलेल्या कडुलिंबाच्या काडीने घासत होते.

"आठ दिवसाला घासावी लागती," ते म्हणाले. "न्हायतर थेंब गळत न्हाय. सुनंला वाटतंय, आपोआप चालतंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मंद्रूपची विहीर उन्हाळ्यात आटती, लेका." त्यांनी कँडल परत बसवली. "गोजाला सांगू नगंस. लई हौसेनं फशिवती की."