पाणी प्यालेला दगड

नवघरहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर पाच दगड होते आणि पोटात सहावा.

रविवारची सकाळ होती. म्हात्रे मॅडम स्कूटर चालवत होत्या, मी मागे बसलो होतो आणि दोघांच्या मध्ये कापडी पिशवीत शाळेचे दगड. बाईमाणसाच्या स्कूटरवर मागे बसायची माझी पहिलीच वेळ. कशाला धरायचं ते कळेना, म्हणून मी पिशवीलाच धरून बसलो.

आपल्या गावच्या वार्षिक अंकात दर वर्षी कोणीतरी काशीला नाहीतर दुबईला जाऊन आल्याचं लिहितं. मी एका दिवसात मीरा-भाईंदरच्या हद्दीतच फिरलो. पण जितका मागे जाऊन आलो तितकं अंकात अजून कोणी गेलेलं नसेल. सहा-साडेसहा कोटी वर्षं. अंक मुंबईतही वाचला जातो, म्हणून काही शब्दांचे अर्थ कंसात देतोय. गावकऱ्यांनी राग मानू नये.

आधी घडलं काय ते सांगतो. भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत मी शिपाई आहे, तेही कंत्राटावर. भूगोलाची खोली माझ्याकडे असते. तिथे लाकडी पेटीत पाच खडक आहेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी डकवलेली. सोमवारी पालक शाळा बघायला येणार होते. दगडांवर धूळ फार दिसली, म्हणून शनिवारी सकाळी मी पाचही दगड बादलीत बुडवून ठेवले. सातवीतून शाळा सुटल्यावर मी दहा वर्षं चिरेखाणीत (जांभा दगड कापून चिरे काढतात ती खाण) होतो. तिथली सवय हाताला लागलेली. चिरा भिंतीत बसवायच्या आधी त्याला पाणी पाजायचं, नाहीतर तो चुन्या-सिमेंटचं पाणी ओढून घेतो आणि सांधा कच्चा राहतो. दगड दिसला की माझा हात पाण्याकडे जातो.

तासाभराने बघतो तर पाच चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या. कोणती कुणाची, ते बादलीला ठाऊक.

मोठे सर फार बोलले नाहीत. सोमवारी पेटी नीट दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघू, एवढंच म्हणाले. माझ्या बायकोला अजून हे सांगितलेलं नव्हतं. मुलीची बारावी चालू आहे.

म्हात्रे मॅडम भूगोलाच्या. पेटी त्यांनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी जमवलेली. मी काय केलं ते त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दगडांना पाणी पाजलंत, मामा?" हसल्या. त्यांनी मनात आणलं असतं तर पाच मिनिटांत नव्या चिठ्ठ्या लिहून दिल्या असत्या. तसं केलं नाही. म्हणाल्या, उद्या सुट्टी आहे, दगड जिथले आहेत तिथेच जाऊन विचारू. नावं तुम्हीच लावा, म्हणजे पुन्हा चुकणार नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही.

काशीमिऱ्याच्या नाक्यावर पिशवीचा बंद तुटला आणि दगड भर रस्त्यात घरंगळले. मागच्या रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून गाड्या अडवल्या, स्वतः दोन दगड उचलून दिले आणि विचारलं, "चाचा, पत्थर घुमाने ले जा रहे हो क्या?" मॅडम म्हणाल्या, हां भैया, संडे है ना. मला मात्र घाम फुटलेला. पाच मोजले, पुन्हा पाच मोजले.

चेणे गाव घोडबंदर रस्त्याला आहे. एका बाजूला डोंगर आणि जंगल, दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे आम्ही थांबलो. कापलेली बाजू काळी, उभी. नीट बघितलं तर एकावर एक थर दिसतात, वाढणीला भाकऱ्यांची चळत ठेवावी तसे. मॅडम सांगत गेल्या. जमिनीच्या पोटातून तापलेला रस भेगांतून वर आला, पसरला, थंड झाला. मग त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. असा अर्धा महाराष्ट्र रचला गेला. सह्याद्री म्हणजे तेच, आणि तेव्हा माणूस तर नव्हताच. मी विचारलं, मग हे बघितलं कुणी? त्या म्हणाल्या, दगडाने.

मी पिशवीतला एक जड काळा दगड घेऊन कड्यावर हलकेच आपटला. खणखणीत आवाज आला. बाटलीतलं पाणी टाकलं, ते तसंच ओघळून गेलं, एक थेंब प्यायला नाही. हा इथला, मी म्हणालो. मॅडमनी यादी पुढे केली आणि मी लिहिलं : बेसॉल्ट. दुसऱ्या काळ्या दगडात बारीक भोकं होती, काहींत पांढरे खडे भरलेले. कड्याच्या वरच्या अंगाला तसाच थर सापडला, म्हणून दुसरी चिठ्ठी : सच्छिद्र बेसॉल्ट. तव्यावरच्या घावनाला जाळी पडते ना, तशीच ही जाळी. रसातली हवा वर यायला बघते, तोवर रस आळतो. हे उदाहरण माझं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि माझी मान आपोआप ताठ झाली.

तिथून उलटे फिरून पूल ओलांडून पश्चिमेला, राईला आलो. राई खाडीकाठचं जुनं गाव. शेती आणि मासेमारी, आता मध्ये मध्ये टॉवर. मॅडमचं माहेर इथलंच. शाळेत इतकं स्वच्छ बोलणाऱ्या मॅडम उंबऱ्यातच आईशी त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. मीही गावी फोन केला की असाच बोलतो.

आईंना माझी बादलीची गोष्ट कळली. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दगडाला पानी पाजलंव, मंग जेवान न्हाय वाडलंव?" यावर सगळे हसले, मीही हसलो. मग तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा छोटा मासा) तिखट कालवण पानात पडलं. दोन भाकऱ्यांवर मी नको म्हणालो. "न्हाय कसा? दगड उचलायचं हाय ना," म्हणून तिसरी वाढली.

जेवून खाजणात (खाडीलगतची खारट, चिखलाची जमीन) गेलो. ओहोटी होती. पाय घोट्यापर्यंत रुतला आणि एक चप्पल आतच राहिली. ती काढायला हात कोपरापर्यंत घालावा लागला. वर मऊ चिखल, खाली घट्ट, आणखी खाली जवळजवळ साबणाच्या वडीसारखा दाबलेला. मॅडम काठावरून म्हणाल्या, तुमची चप्पल तिथेच राहू दिली आणि वरून आणखी गाळ साचत गेला, तर लाखो वर्षांनी चपलेसकट खडक तयार. पेटीतला नखाने ओरखडा पडणारा करडा दगड तो हाच. गाळाचा खडक. तिसरी चिठ्ठी झाली. चप्पल मात्र मी काढून घेतली, नवी होती.

उत्तनला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर (मासे वाळवायचा मांडव) बोंबील टांगलेले. त्यापलीकडे खडक. पण हे खडक काळे नाहीत, फिकट आहेत, पिवळट-करडे. पेटीतला चौथा दगड हातात धरला तर रंग जुळला. हाही आगीतूनच आलेला, पण घट्ट रसाचा, काकवीसारखा, दूर न पळणारा. रायोलाइट. चार झाले.

मग मॅडमनी दाखवलं की इथले थर आडवे नाहीत, समुद्राकडे कललेले आहेत. का, ते सांगताना त्यांनी वाळूवर तळहात ठेवले, एकाला एक लावून. आपल्या पायाखालची जमीन म्हणजे मोठाले तुकडे, ते सरकत असतात. आपला तुकडा फार दक्षिणेकडून निघाला. वाटेत रस ओतला गेला. मग इथूनच पश्चिमेचा भाग तुटला आणि दूर गेला. त्याचा उरलेला भाग म्हणजे आज आफ्रिकेकडची सेशेल्स नावाची बेटं. तुटताना काठ खचला, तो हा कललेला. आणि आपला तुकडा अजूनही उत्तरेकडे चाललाय, वर्षाला जेमतेम तीन बोटं. पुढे आडवा आला तो भाग दुमडून हिमालय झाला.

मी समुद्राकडे बघत राहिलो. मीही दक्षिणेकडूनच वर आलो, रत्नागिरीहून भाईंदरला. तुटलेला काठ कसा असतो ते मला कुणी शिकवायला नको होतं.

आता एकच दगड उरला होता आणि एकच चिठ्ठी : जांभा. म्हणजे काम संपलं, असं मॅडमना वाटलं. इथेच माझ्या पोटातला सहावा दगड हलायला लागला.

कारण तो जांभा नव्हता. ते मला शनिवारीच कळलं होतं, बादलीतून काढताना. तो लालसर होता, गोल होता, पाणीही भरपूर प्यायला. पण दहा वर्षं मी जांभा कापलाय. त्याच्या पोटात वाकडीतिकडी भोकं असतात, वारुळासारखी, त्यात पिवळी माती, मध्येच जांभळट डाग, मध्येच लोखंडासारखा कठीण दाणा. हा मात्र आरपार एकाच रंगाचा. आणि हा दगड मॅडमनीच आणलेला, इथूनच. ज्या बाईंनी माझी नोकरी वाचवायला रविवार घालवला, त्यांना सातवी शिकलेल्या शिपायाने काय सांगायचं? सोमवारी चिठ्ठी लावली असती तर कुणाला कळलंही नसतं.

पायाशी लाटेत एक लाल तुकडा गडगडत होता. उचलला. अगदी पेटीतल्यासारखाच, पण एक बाजू अजून सपाट होती आणि तिला सिमेंट चिकटलेलं. मी दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे धरले.

"मॅडम, हा जांभा नाही. ही वीट आहे. समुद्राने गोल केलेली."

त्यांनी दोन्ही तुकडे घेतले. उलटसुलट केले. शेजारी बोंबील उलटवणारी बाई हात थांबवून बघायला लागली. मला वाटलं, संपलं आता.

"इतकी वर्षं," मॅडम हळूच म्हणाल्या, "मी पोरांना वीट दाखवतेय."

मग त्या वाळूवर बसल्याच आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसणं थांबल्यावर मला म्हणाल्या, बसा, आता तुम्ही शिकवा. खरा जांभा कसा असतो? मी सांगितलं. खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, वाऱ्यावर ठेवला की कडक होतो, आणि पाणी पितो. त्या नीट ऐकत होत्या, विद्यार्थी ऐकतो तशा. मग त्यांनी विचारलं, तो आधी काय होता माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. मी जन्मभर त्यावर चाललो, तो कापला, त्याच्या घरात राहिलो, पण हा प्रश्न कधी पडला नाही.

"आधी तो काळाच होता, मामा. सकाळी चेण्याला बघितलात तोच. वर ऊन आणि पाऊस, पाऊस आणि ऊन, लाखो वर्षं. पाण्याने त्यातलं विरघळणारं सगळं वाहून नेलं, लोखंड मागे राहिलं, ते गंजून तांबडं झालं. तुमचा जांभा म्हणजे पाणी प्यालेला काळा दगडच."

आपल्या सड्यावर (गावावरचं जांभ्याचं उघडं पठार) पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे. मी बादलीत एक तास केलं, ते आपल्या सड्यावर आभाळाने लाखो वर्षं केलं होतं. आणि मी समजत होतो की भाईंदरला माझ्या ओळखीचं काही नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, नोकरीचंही. आधी ती रागावली, लपवल्याबद्दल. मग मी ओट्याजवळच्या टेबलाखाली वाकलो. त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. लग्नानंतर इथे बिऱ्हाड केलं तेव्हा आमच्या गावच्या घराच्या पडक्या गडग्यातला (दगडी कुंपण) चिऱ्याचा तुकडा आणून त्याखाली ठेवला होता. तो काढला. धुतला नाही, फक्त फडक्याने पुसला.

सोमवारी पेटीत पाच दगड होते आणि पाच चिठ्ठ्या माझ्या अक्षरात. पाचव्या चिठ्ठीवर मॅडमनी मला गावाचं नाव लिहायला लावलं, आणि खाली, "आणणारा : यशवंत गोताड". सातवीनंतर शाळेच्या कुठल्याही वस्तूवर माझं नाव आलं नव्हतं. एका पालकांनी विचारलं, जांभा कसा होतो? मॅडम बाजूला झाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. सुरुवात चेण्याच्या काळ्या दगडापासून केली, घावनाच्या जाळीपर्यंत येईतो जीभ सुटली. मोठे सर दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या माणसाचा विषय त्यानंतर कोणी काढलेला नाही. वीटही मॅडमनी फेकली नाही, वेगळी ठेवलीय. म्हणतात, पोरांना ती जांभ्याशेजारी ठेवून दाखवायची.

घरी टेबल डुगडुगायला लागलं. चहा सांडला. बायको म्हणाली, "अहो, शाळेला दिलात तो दिलात, इथे काय ठेवताय?"

चेण्याच्या रस्त्याकडेला पडलेला एक काळा तुकडा मी खिशात घालून आणला होता. तो पायाखाली सरकवला. बरोबर बसला.

"हा तर काळा आहे," ती म्हणाली.

"तोच आहे," मी म्हणालो. "काही लाख वर्षं थांब, तांबडा होईल."

तिने फडकं पिळून त्याच्यावर दोन थेंब टाकले. "मग आजपासूनच सुरुवात करू," म्हणाली.