आवाज बंद ठेवून

अनुया बेहेरे नक्की काय काम करते, हे सेंगकांगच्या तिच्या ब्लॉकमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, आणि घरच्यांना तरी कुठे धड ठाऊक होतं? नवरा प्रबोध बँकेत होता. कुणी विचारलं की "आयटीत आहे, सेफ्टी टीम" एवढं सांगून तो मोकळा व्हायचा. सिंगापुरातल्या मराठी माणसाला 'आयटी' हे उत्तर पुरतं. त्यापुढची चौकशी होते ती भाड्याची आणि मुलांच्या शाळेची.

सेफ्टी म्हणजे काय, तर जगभरच्या लोकांनी एका मोठ्या साइटवर चढवलेले व्हिडिओ बघायचे आणि जे दाखवण्याजोगे नाहीत ते काढून टाकायचे. ज्याच्याबद्दल कुणी तक्रार केली तो व्हिडिओ रांगेतून तिच्या पडद्यावर यायचा. ठेवायचा की काढायचा, एवढंच तिने ठरवायचं. पुण्यात इंजिनियर झालेली बाई या कामात कशी पडली, तर लेकीच्या, अवनीच्या जन्मानंतर घरी बसून कंटाळली आणि जे पहिलं मिळालं ते धरलं. सुरुवातीला गंमतच होती. चोरलेले सिनेमे, टकलावर केस उगवणारी तेलं, एकमेकांना शिव्या घालणारे लोक. घरी येऊन ती किस्से रंगवून सांगायची.

मग सीरिया तिच्या पडद्यावर आला. तिथली यादवी तशी जुनीच, पण २०१५च्या सप्टेंबरअखेर रशियाची विमानं त्यात उतरली आणि अनुयाची रांग फुगली. तिला ना तिथला नकाशा माहीत, ना कोण कुणाच्या बाजूने लढतंय हे. बॉम्ब पडला की जो तो म्हणायचा, आमचं विमान नव्हतंच. विमान कुणाचंही असो, खाली दिसायचं ते सारखंच: धूळ, त्या धुळीत पळणारी माणसं आणि शेवटी पांढऱ्या कापडांची ओळ.

या कामात टिकायचं तर काय करावं, हे नव्या माणसाला शेजारच्या खुर्चीवरचा पहिल्याच दिवशी सांगतो: आवाज बंद ठेव. नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे तेच करतात. बघितलेलं काही दिवसांनी पुसट होतं, ऐकलेलं मात्र झोपू देत नाही. अनुया व्हिडिओ बारीक करायची, रंग काढून काळापांढरा करायची, आवाज बंद करायची आणि पुढे सरकायची. तिच्या कामात चुका फार कमी निघत. तिचा मॅनेजर चारुदत्त, तोही नाशिककडचा मराठीच, मीटिंगमध्ये तिचं उदाहरण द्यायचा.

घरी आल्यावर मात्र ती आधी कुणालाही शिवायची नाही. चार वर्षांची अवनी दारातच हात वर करून यायची आणि शाळेत शिकलेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "ममा, कॅरी मी लाह!" आणि अनुया अंग चोरून सरळ बाथरूममध्ये शिरायची. डोक्यावरून आंघोळ, अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत, मग बाहेर येऊन लेकीला पोटाशी. आपण असं का करतो, हे तिने कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

ते ओळखलं सासूने. अरुणाबाई नात सांभाळायला चिंचवडहून आल्या होत्या. त्या वर्षी शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगींच्या धुराने आकाश इतकं कोंदलं होतं की घराच्या खिडक्या बंद, खाली बागेत जायची सोय नाही, आणि दिवसभर घरात कोंडलेल्या बाईच्या नजरेतून काय सुटणार?

"अनुया, एक विचारू?" गवार मोडता मोडता त्या म्हणाल्या, "तू रोज कुणाच्या मर्तिकाला जाऊन येतेस गं?"

अनुयाच्या केसांतून पाणी गळत होतं. तशीच ती खुर्चीवर बसली आणि जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते तिने सासूला सांगितलं. सगळं नाही, पण बरंच. अरुणाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आणि हे बघायचा पगार देतात?"

"कुणीतरी बघायला लागतंच ना, आई. नाहीतर लहान मुलांच्या समोर यायचं."

अरुणाबाईंनी ती शेंग मोडून टाकली. नोकरी सोड, असं त्या म्हणाल्या नाहीत, ती पिढी नोकरी सोडायला सांगत नाही. त्या म्हणाल्या, "एवढंच कर. दिवाळीचे दिवस तेवढे ते घरात आणू नकोस. सणासुदीला नको बाई."

"नाही आणणार," अनुया म्हणाली आणि तिने ते मनावर घेतलं.

त्या ऑक्टोबरात तिने एक चॅनेल बंद केलं होतं. तशी ती बरीच करायची, पण हे लक्षात राहण्यासारखं होतं, कारण त्याचे सगळे व्हिडिओ एकसारखे होते. सीरियातलं कुठलंसं छोटं गाव. पांढऱ्या कापडांच्या ओळीपुढून एक माणूस फोन धरून हळूहळू चालतोय, प्रत्येकापाशी थांबतोय, चेहऱ्यावरचं कापड बाजूला करतोय, परत झाकतोय, पुढे जातोय. ना बातमी, ना पाटी, ना काही लिहिलेलं. नियम साफ होता: मृतदेह दाखवायचे तर काहीतरी संदर्भ हवा, नुसतेच दाखवता येत नाहीत. शिवाय व्हिडिओत कुणी बोलत असेल तर तशी खूण करून तो अरबी जाणणाऱ्या टेबलाकडे पाठवायचा. अनुयाने खूण केली नाही. तिला कुणी बोलताना ऐकूच आलं नव्हतं. आधी दोनदा ताकीद गेलेली होती, तिसरी तिने दिली आणि चॅनेल बंद झालं.

दिवाळीच्या तोंडावर त्या चॅनेलचं अपील आलं. ज्याने बंद केलं त्यानेच आधी अपिलावर शेरा द्यायचा, अशी तिथली पद्धत, म्हणून ते तिच्याकडेच आलं. मोडक्या इंग्रजीत पहिलंच वाक्य होतं: कृपा करून नुसतं बघू नका, ऐकासुद्धा. खाली नाव होतं, मुनीर सब्बाग.

ऐकायचं म्हणजे आवाज लावायचा. घरी अरुणाबाईंचे लाडू वळून झाले होते, लिटिल इंडियातून पणत्या आणि रांगोळी आणून ठेवली होती. तिने पुढचं वाचलं नाही. भाऊबीज होऊ दे, मग बघू, असं म्हणून तिने ते अपील बाजूला ठेवायचं बटण दाबलं. त्यात गैर काहीच नव्हतं. ते बटण त्यासाठीच होतं.

दिवाळी झोकात झाली. पहिल्या आंघोळीला तिने अवनीला उटणं लावलं आणि त्या आठवड्यात लेकीला दारातच उचलून घेतलं. चारुदत्तच्या सेरंगूनच्या कॉन्डोत फराळाचं बोलावणं होतं. बायका फराळाची ताटं भरत होत्या आणि पुरुष रशियाचं पुढे काय करायचं ते ठरवत होते, जणू पुतिनसाहेब यांच्या निरोपाचीच वाट बघत बसले होते. प्रबोध म्हणाला, "आता बघा, रशिया उतरलाय म्हणजे निकाल लागणार." चारुदत्तच्या वडिलांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली होती. त्याचा ऊर भरून आला. "तिकडे जी सुखोई उडतायत ना, त्याच जातीची आपल्या ओझरला बनतात. बाबांनी हात लावलाय त्यांना. काय मशीन आहे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. अनुयाच्या हातात चकली होती, ती तिने हळूच ताटात परत ठेवली. चारुदत्त त्याच कामावर होता, पण त्याच्या टेबलावर आकडे यायचे, चित्रं नाही. त्याचा राग तरी कसा करणार? तरी तिला राग आला, आणि तो घरी येईपर्यंत गेला नाही.

शुक्रवारी भाऊबीज होती. तिने टॅबलेट पाटावर उभा केला, त्याच्यासमोर रांगोळी काढली आणि पुण्यातल्या धाकट्या भावाला, अनीशला, व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. "ओवाळणी ट्रान्सफर करतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

सोमवारी ऑफिसात जाऊन तिने अपील उघडलं, चॅनेलवरचा जुना व्हिडिओ लावला आणि आवाज सुरू केला.

तो माणूस बोलत होता. पहिल्यापासून बोलत होता. किंचाळणं नाही, रडणं नाही, शिव्याशाप नाहीत. कापड बाजूला करायचा, काहीतरी सांगायचा, थांबायचा, कापड झाकायचा. शांत, थोडा घोगरा आवाज, वर्गात हजेरी घेणाऱ्या मास्तरांचा असतो तसा. तिने अरबी टेबलावरच्या नादियाला हाक मारली. नादियाने एक कान लावून ऐकलं आणि मग खुर्ची ओढून बसलीच.

"नावं वाचतोय," ती म्हणाली. "याचं नाव, याच्या बापाचं नाव. कुठे सापडला, कुठे पुरतायत. शेवटी म्हणतोय, कुणाचा माणूस असेल तर येऊन बघा, आम्ही इथे आहोत."

नाव आणि बापाचं नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर असतं तसंच. अनुयाने सगळे व्हिडिओ एकेक करून ऐकले. याहून मोठा संदर्भ काय असतो? गावाबाहेर पांगलेल्या लोकांना आपला माणूस कुठे पुरलाय हे कळायची ती एकच जागा होती, आणि ती तिने आवाज बंद ठेवून पुसून टाकली होती.

ती उठून चारुदत्तकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, काचेचं दार लावलं आणि मराठीवर आला.

"अगं, आवाज कुणीच लावत नाही. मला माहीत नाही का?"

"मग ते लिहू का?"

"वेडी आहेस? 'माझी चूक' असं लिहिलंस तर तुझ्या रेकॉर्डला लागेल. तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय, त्यावर तुझा इथे राहून काम करायचा पास आहे. अपील फेटाळ आणि विषय संपव. अशी हजार चॅनेलं आहेत."

"हे मी बंद केलंय."

"अनुया, तू काही बॉम्ब टाकला नाहीस."

ते खरं होतं, आणि त्याने तिला काडीचंही बरं वाटलं नाही. जागेवर येऊन तिने शेरा लिहिला: चूक माझी. आवाज न ऐकता निर्णय दिला. चॅनेल पूर्ववत करावं. पुन्हा न वाचता तिने ते पाठवलं. चारुदत्तने काचेतून तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि मंजुरी दिली. तेवढा तो भला होता.

चॅनेल उघडलं. उघडल्याची सूचना आपोआप मालकाला जाते, तशी ती गेली. अनुयाला खूप दिवसांनी हलकं वाटलं. आता नवीन व्हिडिओ येईल, तो आपल्याच रांगेत यावा आणि आपणच तो 'ठेवा' म्हणावा, असा बालिश विचारही तिच्या मनात येऊन गेला.

दोन दिवसांनी सूचनेला उत्तर आलं. ते मुनीरचं नव्हतं.

"चॅनेल उघडल्याबद्दल आभार. मी मुनीरची बहीण, हाला. माझा भाऊ आता नाही. शुक्रवारी विमानं आली तेव्हा तो बाजारात होता. चॅनेल बंद झाल्यावरही तो रोज कबरस्तानात जात होता आणि नावं फोनमध्ये बोलून ठेवत होता. उघडलं की सगळी एकदम चढवेन, म्हणायचा. फोन त्याच्याजवळच होता, तोही गेला. आता त्या दिवसांची नावं आमच्याकडे नाहीत. मुनीरचं नाव वाचायलाही कुणी नव्हतं. मी प्रयत्न केला, मला जमलं नाही. कृपा करून परत बंद करू नका."

अपील लगेच उघडलं असतं म्हणून मुनीर जगला असता, असं नाही. हे अनुयालाही कळत होतं. पण ती नावं राहिली असती. रोज संध्याकाळी चढली असती. तो शुक्रवार तिला लख्ख आठवला: पाटावरचा टॅबलेट, तबकातली निरांजनं, अनीशचं हसू.

घरी आली तेव्हा अवनी नेहमीसारखी धावत आली. अनुया तिला चुकवून बाथरूमकडेही गेली नाही, चपला घालायच्या स्टुलावरच बसून राहिली. अरुणाबाईंनी नातीला आत टीव्हीपुढे बसवलं आणि सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

अनुयाने सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, बाजूला ठेवायच्या बटणासकट. "सणासुदीला नको म्हणून ठेवलं, आई. फक्त तेवढ्यासाठी."

अरुणाबाईंचा चेहरा उतरला. ते कुणी सुचवलं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. त्यांनी भिंतीला हात टेकला. आतून कार्टूनचं गाणं ऐकू येत होतं.

"ऊठ, आंघोळ करून घे," अरुणाबाई शेवटी म्हणाल्या. मग थांबल्या. "इतके दिवस करतेयस ती कुणाच्या नावाने करतेस?"

अनुयाने वर बघितलं. त्यांच्या चिंचवडच्या घरी लांबच्या कुणाचीही मेल्याची बातमी आली, की त्याच्या नावाने आंघोळ करायची, हे तिने लग्नानंतर कितीदा पाहिलं होतं. ती रोज आंघोळ करत होती आणि तिच्याकडे एकाचंही नाव नव्हतं.

"नाव काय होतं त्याचं?"

"मुनीर."

"पूर्ण सांग. बापाचं?"

"बापाचं माहीत नाही. मुनीर सब्बाग."

"मुनीर सबाग."

"सब्बाग, आई."

"सब्बाग," अरुणाबाईंनी नीट म्हटलं, दोनदा म्हटलं. मग त्यांनी दोरीवरचं आपलं लुगडं खांद्यावर टाकलं. "तू बस जरा," त्या म्हणाल्या, "आधी मी करून येते," आणि बाथरूममध्ये जाऊन त्यांनी आतून कडी लावली.