लोटन नानांचं नाक

शिरपूरला बस स्टँडमागच्या गल्लीत लोटन नानांचं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर; जे बिघडेल ते नानांनी शिकून घेतलं. पण त्यांचं नाव झालं ते नाकामुळे. कॉम्प्युटरमधला सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना सोसेल एवढी करून देणारा लोखंडी डबा, जुना झाल्यावर पुन्हा लावावा की भंगारात टाकावा, हे विचारायला लोक चोपड्याहूनसुद्धा येत.

नाना डबा नाकाशी धरायचे. "हाऊ जिनिंगमाईन उना," म्हणायचे, आणि झाकण काढलं की पंख्याला कापूस गुंडाळलेला दिसे. "हाऊ वेफरवालाना शे," म्हटलं की आत तेलकट थर ठरलेला. कुठली तार करपली, वीज साठवणारा कुठला कंडेन्सर फुटायला आला, सगळं आधी नाकाला कळायचं आणि मग डोळ्यांना. शेवटी एकच शब्द बोलायचे: "लावा," नाहीतर "फेका." नाना "लावा" म्हणाले आणि डबा पेटला, असं वीस-बावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायची तसदी ते घेत नसत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास काही परतला नाही. लताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुढ्यात ठेचलेला लसूण धरला, कापूर धरला, हिंगाची डबी उघडली. नानांना एकाचाही वास आला नाही. मग म्हणाले, "मी दुकान बंद करस."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मीटर आकडे दाखवतं, पण आत नासायला लागलेलं मीटरला उशिरा कळतं. ज्याची स्वतःला खात्री नाही, तो डबा लोकांच्या घरात लावायला सांगायचा कोणत्या तोंडाने?

लताबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी लवकर थापल्या आणि नानांच्या मागोमाग दुकानात येऊन बसल्या. "घरमा येकली बसीसन काय करू?" एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात दिपमाला आली. तिचा मुलींचा टायपिंग क्लास. एका मशीनचा सप्लाय गेला होता आणि कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेल्या कॉम्प्युटरमधला तिला मिळाला होता.

"नाना, आठ-दहा वर्षं जुना आहे. चालू होता म्हणतात. लावू ना? बारा मुली दिवसभर आळीपाळीने त्याला खेटून बसतात, म्हणून विचारते."

"घाई करू नको माय. येक घंटा चालू दे, मंग सांगस."

नानांनी हिरवी तार काळीला जोडून डबा सुरू केला. पंखा फिरला. पिवळ्या तारेवर जीपच्या दिव्याचा बल्ब लावून चांगलं ओझं दिलं. तासभर बल्ब लुकलुकला नाही की मंद झाला नाही, मीटरचे आकडेही चोख. "लावा" अगदी ओठांवर आलं. सवयीने त्यांनी डबा नाकाशी नेला, आणि काहीच कळलं नाही. ओठांवरचा शब्द त्यांनी आवरला. या एका शब्दावर बारा मुली बसणार होत्या.

कोपऱ्यात लताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "आठे मासळीना वास येस."

"बजारमाईन ई ऱ्हायना व्हई," नाना म्हणाले.

"आज बजार कोठे शे? त्या डबामाईनच येस. गळामा तुळशीनी माळ शे मना, हाऊ वास माले दूरथीन समजस."

दिपमाला हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी डबा बंद केला, वायर काढली, आत उरलेली वीज बल्बवर उतरवली आणि झाकण उघडलं. कंडेन्सरांची डोकी सगळी सपाट, एकही फुगलेलं नाही. वरून एकदम शहाणं पोर. मग आरसा आणि टॉर्च घेऊन बुडाशी पाहिलं. एकाच्या पायाशी तपकिरी चिकट द्रव पाझरला होता. कंडेन्सर गळायला लागला की असा माशासारखा वास येतो, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. बायकोला मात्र त्यांनी ते कधीच सांगितलं नव्हतं.

"फेका," नाना म्हणाले. दिपमाला वळली तेव्हा पुढे म्हणाले, "मी नही, हाई बोलनी."

दुकान बंद झालं नाही; कुठला वास कशाचा ते नानांनी शिकवलं आणि डबे लताबाई हुंगू लागल्या. आता लोक दारातूनच लताबाईंबद्दल "अक्का शेत का?" विचारतात, आणि अक्का नसल्या तर डबा घेऊन परत जातात. नानांना याचं आधी वाईट वाटायचं. नंतर गंमत वाटू लागली, आणि अलीकडे फार बरं वाटतं.

यंदाच्या थंडीत एका दुपारी लताबाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि नाना पुढे वाकले. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धगीवर भाजलेल्या वांग्याचा धूर, वर लसूण, वर हिरवी मिरची. भरिताचा वास! डोळे भरून आले. ते सांगणारच होते, पण सांगितलं तर ही उद्यापासून घरी बसेल, हे मनात आलं आणि त्यांनी घास तोंडात टाकला.

"मीठ बरोबर शे," ते म्हणाले.

चार वाजता एक गिऱ्हाईक सप्लाय घेऊन आलं. करपल्याचा वास नानांना हातभर अंतरावरून आला. त्यांनी चेहरा कोरा ठेवून डबा बायकोपुढे धरला. "देख बरं."

लताबाईंनी हुंगलं. "फेका."

"फेका भाऊ," नाना म्हणाले. गिऱ्हाईक गेलं.

मग लताबाई जेवणाचा डबा पुसत, वर न बघता बोलल्या, "आज भरीतना वास उना ना तुमले?"

नाना चोरी पकडली गेल्यासारखे मीटरची वायर गुंडाळू लागले. मग हळूच म्हणाले, "तरी उद्या येशी ना तू दुकानमा?"

"उद्या डबामा काय आनू, ते सांगा," लताबाई म्हणाल्या.