झिरा दाखवणारे मेंढकेमामा

अन्याय मेंढकेमामांवर झाला. गेल्या वर्षी, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, धारूरच्या पलीकडच्या माळावर एका कोरड्या ओढ्यात. करणारी मी. आमच्या पत्रकांत आम्ही अशा ठिकाणी 'संबंधित यंत्रणा' असं लिहितो. इथे तसं लिहून सुटता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मामांना चालताना कुणी पाणी मागितलं, की ते वळून न बघता विचारायचे, "तान लागलीय, का नुसती आठवन झाली?" दहातल्या नऊ वेळा आठवणच झालेली असायची. आपण पुढे चालायचं. मामा पुढे, कधीच घाईत नाहीत आणि कधीच थांबत नाहीत. बाभळीच्या सावलीला बसू दिलं नाही त्यांनी. "बसलात तर पाय म्हनतेत, झालं घर. मग उटत न्हाईत."

आम्ही पाच जण होतो, सुट्टीत माळरानं पायी भटकणाऱ्या गटातले. धारूरहून युसूफ वडगावपर्यंत माळामाळाने एका दिवसात चालत जायचं, असा बेत. गायरानाच्या आंदोलनात मामांची ओळख झाली होती, म्हणून वाट दाखवायला त्यांना बोलावलं. मेंढरं मामींवर सोपवून पहाटेच आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, कमरेला पाण्याची एक बाटली. आमच्या पाठीवरच्या सॅका त्यांनी एकेक करून न्याहाळल्या. "घर पाठीवर घिऊन निगालात. मागं भाडेकरू ठिवलेत का?"

मला ते पुढारीण म्हणायचे. चालता चालता मी त्यांना चराईच्या हक्कांवरचं माझं पत्रक वाचून दाखवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई ग्वाड लिवलंय. पन पुढारीन, ह्यात पाऊस कावून न्हाई? गवत त्याच्यामुळंच येतंय की." मी चिडले. ते हसले. माझ्या लिखाणावर एवढी नेमकी टीका त्याआधी कुणी केली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी पाणी संपलं. चूक माझीच. नकाशावर एक हातपंप दिसत होता, त्याच्या भरवशावर मी सगळ्यांना सकाळीच सांगितलं होतं, "ओझं कमी करा, बाटल्या दोनच घ्या." पोचलो तर हातपंपाला दांडाच नव्हता. आत दगड टाकलेले. चहूकडे नुसता भाजलेला मुरूम, एक झाड नाही. पुण्याचा समीर, संगणकावर काम करणारा, पहिल्यांदाच इतकं चालणारा, अचानक खाली बसला. ओठ पांढरे. बोलताना शब्द अडकायला लागले. मामांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. या वेळी काहीच विचारलं नाही. आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं, घोंगडं त्याच्या डोक्यावर टाकलं आणि आम्हा दोघांना सांगितलं, "धरा ह्याला. माज्या मागं या."

ओढ्याच्या वळणावर एक मोठा दगड होता. त्याच्या पोटाशी बाभळीची काटेरी फांदी, फांदीखाली फरशीसारखी शिळा, शिळेखाली ओली वाळू. हाच मामांचा झिरा. मामा गुडघ्यावर बसून हाताने वाळू उकरू लागले. हळूहळू तळाशी गढूळ पाणी जमलं. ते त्यांनी ओंजळीने काढून टाकलं. मी जवळजवळ ओरडलेच.

"वरडू नकोस. पयलं पानी मातीचं. दुसरं जनावराचं. तिसरं मानसाचं."

दुसरं पाणी आलं, थोडंसं धुरकट. मामांनी समीरकडे पाहिलं. "आज ह्येच आपलं मेंढरू," म्हणत त्यांनी ते फडक्यातून गाळून त्याला घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने समीर आपलं नाव नीट सांगू लागला. मग आम्ही प्यालो. सगळ्यांत शेवटी मामा. उठताना त्यांनी वाळू सारखी केली, शिळा ठेवली, फांदी लावली.

"झाकता कशाला, मामा?" मी विचारलं.

"डुकरं येतेत."

"आणि माणसं?"

"मानसाला आजून गावला न्हाई."

ते ऐकत असतानाच मी फोनमधल्या नकाशावर त्या जागेची खूण करत होते. 'माळावर बारमाही पाणी! सर्व भटक्यांसाठी खुले!' असं लिहून ती भटकंतीच्या सगळ्या गटांना पाठवली. पाणी सगळ्यांचं असतं, हे मी किती पत्रकांत लिहिलंय. मामांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

महिन्याभरात तिथे चार-पाच टोळ्या येऊन गेल्या. कुणी साबण लावून अंघोळ केली. कुणी जास्त पाणी मिळेल म्हणून फावड्याने खड्डा मोठा केला. दगडाखालची वाळू ढासळली आणि झिरा आटला. माळावर वाळलेलं गवत होतं, पण पाण्यावाचून मेंढरं थांबणार कशी? मामा-मामींना कळप घेऊन पावसाची वाट न बघता तेलगावच्या बाजूला, उसाच्या रानांकडे उतरावं लागलं.

मी माफी मागायला तिथे गेले. मामींनी आधी भाकरी वाढली, मग बोलू दिलं. मामा म्हणाले, "तू काय चोरी न्हाई केलीस. दवंडी दिलीस. पानी सगळ्याचंच हाय गं, पन सगळ्याला एकदम बलवायचं नसतंय." मग विचारलं, "त्यो पुन्याचा पोरगा बरा हाय का?"

बरा आहे, मामा. तो त्या दिवशी जिवंत घरी गेला तो तुमच्यामुळे. आणि मी काही छापायच्या आधी आता ज्याच्याविषयी लिहिते त्याच्या दारात जाऊन विचारते, तेही तुमच्यामुळे. याचे आभार कसे मानायचे, ते कुठल्या पत्रकात शिकवत नाहीत.

ओढ्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. मला विचारू नका. माझी खूण मी पुसली, पण ती तोवर शेकडो फोनांत गेली होती. मामा म्हणतात, दोन पावसाळे कुणी हात लावला नाही तर वाळू परत बसेल, झिरा परत येईल. तेव्हा हे वाचणाऱ्या भटक्या भावांनो, बहिणींनो, फोन काढा. धारूरच्या माळावरच्या पाण्याची खूण त्यात असेल तर आत्ताच पुसा. ज्याला पाठवली असेल त्यालाही पुसायला लावा. आणि दोन वर्षं त्या ओढ्यात पाऊल टाकू नका.